‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ बघायचा असेल तर असा बघा

ब्रिटिश हेरांच्या गोष्टीचा हा इंग्रजी पिक्चर मी आत्तापर्यंत पाच वेळा बघितलाय आणि दरवेळी घरातल्या कुणाला तरी सोबत बसवून बघितलाय, त्यामुळे माणसं नेमकी कुठे अडकतात, कुठे हळूच मोबाईल हातात घेतात आणि कुठे "अगं हा कोण आता" म्हणून विचारतात हे मला पाठ झालंय. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय. ज्यांनी तो अर्ध्यात सोडला त्यांच्यासाठी, आणि ज्यांना कुणीतरी सांगितलंय की भारी आहे पण लय स्लो आहे, त्यांच्यासाठी. हेरखात्यातला फितूर कोण निघतो ते मी सांगणार नाहीये, निर्धास्त वाचा. पिक्चरमधल्या बाकी काही गोष्टी मात्र सांगणार आहे कारण त्या आधी माहीत असल्या तर मजा जात नाही, वाढते.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. मला हा पिक्चर संथ वाटतच नाही, मला तो गच्च भरलेला वाटतो. जॉन ल कारे यांची मूळ कादंबरी १९७४ ची, १९७९ मध्ये बीबीसीने तिच्यावर सिरीयल केली तेव्हा त्यांना ७ भाग लागले होते, आणि २०११ मध्ये टॉमस आल्फ्रेडसन या स्वीडिश दिग्दर्शकाने तेवढीच गोष्ट १२७ मिनिटांत बसवली. आता सात भागांचा ऐवज दोन तासांत बसवायचा म्हणजे काय होणार, समजावून सांगणारी वाक्यं सगळी गेली. उरल्या फक्त नजरा, अर्धवट वाक्यं, कपात चमचा फिरवणं, जिन्यावरून जाताना कोण कुणाकडे बघतं आणि कोण बघायचं टाळतं. आपण वाट बघत बसतो की आता काहीतरी घडेल आणि ते तर समोर घडून गेलेलं असतं. म्हणून कंटाळा येतो. हे एकदा लक्षात आलं की पिक्चर पळायला लागतो, खरंच.

बसायच्या आधी

जेवून झाल्यावर रात्री साडेदहाला लावू नका. हे मी सगळ्यात आधी सांगते कारण माझ्या दादाने तेच केलं होतं, दिवसभर ऑफिस, मग जेवण, मग हा पिक्चर, आणि चाळिसाव्या मिनिटाला तो गाढ झोपला आणि अजूनही सगळ्यांना सांगतो की पिक्चर बोअर आहे. रविवारची दुपार टळल्यावर, चहा घेऊन, पडदे ओढून बसा. पडदे ओढायचं कारण असं की पिक्चर सगळा करड्या-तपकिरी रंगात आहे, सिगारेटचा धूर, ओल्या भिंती, पिवळट दिवे, होयटे व्हान होयटेमा या कॅमेरामनने १९७३ चं लंडन असं दाखवलंय की कोटाला येणारा दमट वास जाणवतो, आणि खिडकीतून ऊन येत असलं की त्यातलं निम्मं दिसतच नाही. मोबाईलवर तर बघूच नका. चेहऱ्यांवर ज्या बारीक हालचाली आहेत त्या सहा इंचाच्या स्क्रीनवर कुठून दिसणार.

सबटायटल लावा, इंग्रजी येत असलं तरी लावा. ही ब्रिटिश माणसं ओठ न हलवता बोलतात आणि नावं तर अशी पटकन टाकतात की एक नाव निसटलं की पुढची दहा मिनिटं गेली. आवाज थोडा मोठा ठेवा कारण बराच पिक्चर कुजबुजीत आहे.

आणि जास्तीत जास्त दोघं तिघं बसा. आमच्याकडे एकदा सात जण बसले होते, भेळ होती, गप्पा होत्या, कुणालाच काही कळलं नाही आणि त्यात चूक कुणाचीच नव्हती. आता मी एक नियम ठेवलाय, पहिली चाळीस मिनिटं कुणीही पॉज करून काहीही विचारावं, त्यानंतर पॉज नाही.

नावांचा गोंधळ कसा सोडवायचा

आता मुख्य भाग. एक कागद घ्या नाहीतर हे चार ओळींचं डोक्यात ठेवा.

ब्रिटनच्या परदेशी हेरखात्याला, म्हणजे एमआय६ ला, या गोष्टीत सर्कस म्हणतात. जनावरांची सर्कस नाही, लंडनमध्ये केंब्रिज सर्कस नावाचा चौक आहे आणि गोष्टीतलं ऑफिस त्या चौकात आहे म्हणून सर्कस, आपण नाही का मंत्रालयाच्या जागी नुसतं "नरिमन पॉईंटवरून फोन आला" म्हणतो, तसंच. सर्कसचा जो साहेब त्याला नाव नाही, त्याला सगळे कंट्रोल म्हणतात, ते काम जॉन हर्टने केलंय. त्याचा उजवा हात जॉर्ज स्मायली, हा आपला मुख्य माणूस, गॅरी ओल्डमन. समोरच्या बाजूला मॉस्कोत बसलेला रशियन हेरप्रमुख, त्याचं टोपणनाव कार्ला. नाव बाईचं वाटतं पण तो पुरुष आहे, हे आधी सांगायलाच हवं कारण माझी मावशी अर्धा पिक्चर त्या कार्लाबाईची वाट बघत होती.

कंट्रोलला संशय येतो की सर्कसच्या अगदी वरच्या फळीत मॉस्कोचा माणूस बसलाय. इंग्रजीत त्याला मोल म्हणतात, जमिनीखाली बीळ करून राहणारा प्राणी असतो त्यावरून. आपल्याकडे याला फार चांगला शब्द आहे, अस्तनीतला निखारा. पिक्चर बघताना मोल ऐकू आलं की मनात तेच म्हणा, कारण निखाऱ्यात जो चटका आहे तो या गोष्टीत शेवटपर्यंत आहे, घरातल्याच माणसाने, मित्रानेच दिलेला चटका.

तर संशयित पाच. कंट्रोलने त्यांची नावं इंग्लंडमधल्या पोरांच्या एका गाण्यातून घेतलीत. आपण लपाछपीत राज्य कुणावर हे ठरवायला अडम तडम तडतड बाजा म्हणत एकेकावर बोट ठेवत जायचो ना, तशीच तिकडच्या पोरांची मोजणी, कल्हईवाला, शिंपी, सैनिक, गरीब, भिकारी अशी. पिक्चरचं नाव त्यातूनच आलंय. कंट्रोलच्या घरात बुद्धिबळाच्या सोंगट्यांवर या पाचांचे फोटो चिकटवलेले सापडतात, तिथे पॉज करायला हरकत नाही, सगळ्यांचे चेहरे एकदा बघून घ्या. टिंकर म्हणजे पर्सी ॲलेलाइन, बुटका, छाती काढून चालणारा, टोबी जोन्स. टेलर म्हणजे बिल हेडन, देखणा, लाघवी, कॉलिन फर्थ. सोल्जर म्हणजे रॉय ब्लँड, धिप्पाड, किअरन हाइंड्स. पुअरमन म्हणजे टोबी एस्टरहेझ, मूळचा हंगेरियन, बो टाय लावणारा, डेव्हिड डेन्सिक. आणि पाचवी सोंगटी, बेगरमन, ती खुद्द स्मायलीची. म्हणजे ज्याच्या बरोबर आयुष्यभर काम केलं त्या साहेबाच्या यादीत आपलंही नाव होतं हे त्या बिचाऱ्याला साहेब गेल्यावर कळतं. ओल्डमन तिथे काही म्हणत नाही. नुसता त्या सोंगटीकडे बघतो. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला काही वाटलं नव्हतं, तिसऱ्यांदा बघताना पोटात कालवलं.

या पाचांशिवाय तीन चेहरे ओळखून ठेवा. जिम प्रिडो, मार्क स्ट्राँग, ज्याला कंट्रोल बुडापेस्टला पाठवतो. रिकी टार, टॉम हार्डी, फिल्डवरचा पोरगा, जो इस्तंबूलहून ती महत्त्वाची बातमी घेऊन येतो. आणि पीटर गिलम, बेनेडिक्ट कंबरबॅच, स्मायलीला मदत करणारा तरणा अधिकारी. बस, एवढे पुरतात. बाकीचे येतील तसे येऊ द्या.

चष्म्याकडे बघा

सगळ्यात जास्त लोक फ्लॅशबॅकमध्ये हरवतात. हा पिक्चर काळ बदलताना खाली तारीख लिहीत नाही, रंग काळापांढरा करत नाही, काही नाही, सरळ जातो आणि येतो. माझंही पहिल्या वेळी तेच झालं, अर्ध्या सीनमध्ये कंट्रोल जिवंत होता आणि अर्ध्यात मेलेला होता आणि मला क्रमच लागेना.

याची किल्ली माझ्या बाबांनी शोधली. सुरुवातीला नोकरी गेल्यावर स्मायली चष्म्याच्या दुकानात जाऊन डोळे तपासून घेतो असा एक छोटासा प्रसंग आहे, नावं पडत असताना येतो, सगळे त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. बाबा म्हणाले, "थांब, एवढा वेळ चष्मा कशाला दाखवलाय?" मग पुढे लक्ष ठेवलं तर काय, त्या दुकानातून बाहेर पडल्यानंतरच्या स्मायलीला मोठा जाड फ्रेमचा चष्मा आहे आणि फ्लॅशबॅकमधल्या स्मायलीला त्याचा आधीचा जुना. चष्मा बघा आणि काळ ओळखा, एवढं सोपं. हे माहीत असलं की अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

उरलेला गोंधळ जिम प्रिडोमुळे होतो. त्याला बुडापेस्टमध्ये गोळी लागते आणि नंतर एका शाळेत नवीन मास्तर म्हणून एक माणूस येतो, कॅराव्हॅनमध्ये राहतो, तो जिमच असतो आणि शाळेचे सीन गोळी लागल्यानंतरचे आहेत. हे आधी सांगितलं म्हणून तुमचं काही बिघडत नाही, दिग्दर्शकाने फार काळ लपवलेलंही नाहीये. त्या शाळेत एक जाडसर, चष्मा लावलेला, एकटा एकटा राहणारा मुलगा आहे. जिम त्याला सांगतो की तुझं बघणं चांगलं आहे, आपण एकटी माणसं चांगली बघणारी असतो. पूर्ण पिक्चर कसा बघायचा ते जिमने त्या पोराला तिथे सांगून टाकलंय असं मला दरवेळी वाटतं.

पहिले दहा मिनिटं, हळूहळू

बुडापेस्टचा सीन हा सरावासाठी उत्तम आहे. (कादंबरीत ही कामगिरी चेकोस्लोव्हाकियात आहे, पिक्चरने ती हंगेरीत नेली.) जिम एका छताखालच्या जुन्या गल्लीतल्या कॅफेत बसलाय, समोर हंगेरियन माणूस, दोघं एका जनरलला फोडून आणायच्या गोष्टी करतायत. आजूबाजूला दोन चार गिऱ्हाईकं. एक बाई बाळाला पाजतेय. वरच्या खिडकीत कुणीतरी आहे. वेटर येतो आणि त्याच्या चेहऱ्यावरून घामाचा थेंब टेबलावर पडतो. संपलं. कुणी "हा सापळा आहे" म्हणत नाही, म्युझिक वाढत नाही, पण जिमने तो थेंब बघितलाय आणि आपण जिमला बघताना बघितलंय. तो उठतो, चालायला लागतो, आणि घाबरलेला वेटर नको तेव्हा गोळी झाडतो, आणि त्यात ती बाळाला पाजणारी आई मरते, बाळ तिच्या मांडीवर तसंच. हेरगिरीतला हा एक सेकंद इतका हलकट आणि इतका खरा मी दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये बघितलेला नाही.

तर सराव असा करा, सीन रिवाइंड करून दुसऱ्यांदा बघा आणि यावेळी बोलणाऱ्यांकडे बघूच नका, मागच्या लोकांकडे बघा. मग कळेल की हा दिग्दर्शक बातमी कुठे ठेवतो. त्याच्या पिक्चरमध्ये संवाद चालू असताना खरी बातमी मागच्या टेबलावर असते.

यानंतर कंट्रोल आणि स्मायली दोघांना नोकरी सोडावी लागते. कंट्रोल सही करतो, सांगतो की स्मायलीही माझ्याबरोबर चाललाय, आणि स्मायली उठून त्याच्या मागे चालायला लागतो. हा पिक्चरचा हिरो आहे आणि चांगला पाव तास होत आला तरी त्याच्या तोंडून एक शब्द येत नाही. टीव्ही बघतो, पोहायला जातो, घरी येतो, बायको सोडून गेलेली आहे. मग जेव्हा सरकारचा माणूस त्याला परत बोलावतो तेव्हा तो पहिल्यांदा बोलतो आणि काय बोलतो तर मी रिटायर झालोय, तुम्हीच काढलंत मला. एवढंच. त्या गप्प बसण्यामुळे त्या वाक्याला वजन येतं. या कामासाठी ओल्डमनला आयुष्यातलं पहिलं ऑस्कर नॉमिनेशन मिळालं, इतकी वर्षं इतका आरडाओरडा करणाऱ्या भूमिका केल्या त्याने आणि नॉमिनेशन मिळालं ते गप्प बसण्यासाठी, मला हे फार आवडतं.

रेकॉर्ड रूमचा सीन आणि आमचे बाबा

बाबा एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं होते. त्यांना इंग्रजी पिक्चरची आवड नाही, माझ्या आग्रहाखातर बसले होते. मधेमधे डुलकीही लागत होती. पण जेव्हा गिलम सर्कसच्या रजिस्ट्रीत शिरतो तेव्हा ते खुर्चीत सरळ झाले.

तिथे असं आहे की स्मायलीला एका रात्रीची ड्युटीची नोंदवही हवी आहे, कारण त्या रात्री इस्तंबूलहून टारचा निरोप आला होता. स्मायली स्वतः आत जाऊ शकत नाही म्हणून गिलमला पाठवतो. गिलम दारात आपली बॅग जमा करतो, आत जातो, ठरवून ठेवलेला एक फोन बरोबर त्या वेळेला येतो, गॅरेजमधून गाडीबद्दल फोन आहे असं सोंग, आणि तेवढ्या वेळात त्याला वही बाहेर काढायची असते. पळापळ नाही, पिस्तूल नाही. रॅकच्या मधून चालणं, कुलूप, सही, काउंटर, बॅग. आणि नेमकं निघताना कळतं की वरच्या साहेबांनी बोलावलंय.

बाबा म्हणाले, "हे ज्याने लिहिलंय त्याने ऑफिसात काम केलेलं आहे." त्यांना मी तेव्हा सांगितलं की लेखक खरंच ब्रिटिश हेरखात्यात नोकरीला होता, आधी एमआय५, म्हणजे देशातल्या सुरक्षेचं खातं, मग एमआय६. मग पुढे ती वही उघडल्यावर कळतं की त्या रात्रीचं पान कापून नेलंय, तर बाबांनी पिक्चर थांबवायला लावला (नियम मोडला, पण बाबांना कोण सांगणार) आणि दहा मिनिटं मला समजावलं की म्हणून तर आमच्याकडे प्रत्येक रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून साहेबाची सही घ्यायचे, या नोंदवहीत अमुक इतकी पाने आहेत असे प्रमाणित करण्यात येते, आणि पानांवर नंबर. पान फाडलं तर शिवणीतलं जोडीचं पान सुटतं, म्हणून ज्याला अक्कल आहे तो ब्लेडने कापतो आणि बारीकशी पट्टी मागे राहते. "पान गायब आहे हाच पुरावा," ते म्हणाले. आणि स्मायली नेमकं तेच म्हणतोय असं त्यांना दिसलं, की निरोप आलाच नाही असं सगळे सांगतायत मग पान कशाला कापलं.

हे इतकं सविस्तर लिहिलं कारण मला वाटतं ज्यांनी कधी ऑफिसात काम केलंय त्या सगळ्यांना हा पिक्चर कळू शकतो. यात खुर्चीवरून भांडणं आहेत, मीटिंगमध्ये कोण कुठे बसतं याचं राजकारण आहे, नव्या साहेबाने, म्हणजे ॲलेलाइनने, एक भारी सोर्स मिळवलाय आणि त्यामुळे त्याला मंत्र्याकडे मान मिळतोय आणि म्हणून त्या सोर्सवर शंका घेणारा प्रत्येकजण वैरी ठरतोय, हे सगळं आहे. त्या सोर्सच्या मालाला ते विचक्राफ्ट म्हणतात, हा शब्द आला की कान टवकारा. मीटिंगची खोली तर लक्षात राहतेच, आतून आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना नारिंगी फोम लावलेली बंद पेटी, आणि त्या पेटीत बसलेल्या चौघांपैकी एक फितूर.

दिल्लीची गोष्ट

मधे एक सीन आहे ज्यात स्मायली आणि गिलम दोघं बसलेत, दारू आहे समोर, आणि स्मायली सांगतो की मी कार्लाला एकदा भेटलोय. १९५५ मध्ये. दिल्लीत. रशियात तेव्हा हेरखात्याची साफसफाई चालली होती, कार्ला मॉस्कोला परत चाललेला, परत गेला की बहुतेक गोळीच, आणि स्मायली त्याला आपल्याकडे ये म्हणून समजावायला गेलेला.

दुसरा कुठलाही दिग्दर्शक इथे फ्लॅशबॅक दाखवेल, घामट खोली, पंखा, उन्हाची तिरीप, तरुण स्मायली. आल्फ्रेडसन काहीच दाखवत नाही. ओल्डमन समोर एक रिकामी खुर्ची घेतो आणि त्या खुर्चीशी बोलायला लागतो, जणू कार्ला बसलाय. तुला बायको आहे, तिचा विचार कर, असं त्याला सांगताना हळूहळू आपल्याला कळतं की तो स्वतःच्या बायकोबद्दल बोलतोय, आपलं दुखणं त्याने शत्रूच्या हातात दिलंय. कार्ला पूर्ण वेळ गप्प. जाताना फक्त स्मायलीचा लायटर घेऊन गेला, बायकोने, म्हणजे ॲनने, प्रेमाने नाव कोरून दिलेला लायटर. आणि स्मायली म्हणतो की तो हरू शकतो हे मला त्या दिवशी कळलं, कारण तो कट्टर आहे, आणि कट्टर माणसाच्या पोटात कुठेतरी शंका लपवलेली असतेच.

हा सीन आला की काहीही करू नका, चहा पण खाली ठेवा. लायटर लक्षात ठेवा, परत येईल. आणि एक गोष्ट शोधा, कार्लाचा चेहरा पिक्चरमध्ये कुठेच धड दिसत नाही, आणि ॲनचाही दिसत नाही. ज्या दोन माणसांनी स्मायलीचं आयुष्य व्यापलंय ती दोन्ही बिनचेहऱ्याची. हे माझ्या चौथ्या वेळी लक्षात आलं.

मागचा खरा इतिहासही थोडा माहीत असावा. ल कारे यांच्या डोळ्यांसमोर किम फिल्बीचं प्रकरण होतं. एमआय६ मधला मोठा अधिकारी, वर्षानुवर्षं सोव्हिएत रशियासाठी काम करत होता, जानेवारी १९६३ मध्ये बैरुतहून मॉस्कोला पळाला आणि १९८८ मध्ये तिथेच मेला. हा फिल्बी १९१२ मध्ये आपल्या अंबाल्यात जन्मलेला, किम हे नाव पडलं तेही किपलिंगच्या लाहोरच्या पोरावरून. फिल्बीवर शंका होती तेव्हाही त्याचे मित्र शेवटपर्यंत म्हणत राहिले की आपल्यातला माणूस असं करणारच नाही, कारण चांगल्या घरचा, चांगल्या कॉलेजचा, हसरा, गप्पिष्ट. पिक्चर बघताना संशयितांमध्ये तुम्हाला कोण आवडतंय आणि का आवडतंय हे मनाशी विचारत राहा, तपासाचा तोही भाग आहे.

विमानाचा सीन, आणि जे मला पटलं नाही

शेवटच्या भागात स्मायली एस्टरहेझला एका विमानतळावर घेऊन जातो. मोकळी धावपट्टी, दोघं उभे, मागे लांबवर एक छोटं विमान उतरतं आणि बोलणं चालू असतानाच ते विमान कट न होता पुढे पुढे येत राहतं, अगदी त्यांच्या पाठीशी येऊन थांबेपर्यंत. स्मायली आवाज चढवत नाही. तुला परत पाठवता येईल एवढंच त्याला कळू देतो, आणि पोलादी पडद्याच्या पलीकडून, म्हणजे कम्युनिस्ट देशातून, आलेल्या माणसाला परत पाठवणं म्हणजे काय हे दोघांनाही माहीत आहे. एस्टरहेझ रडायला लागतो, मी निष्ठावान आहे म्हणतो. तोपर्यंत आपल्याला स्मायली एक साधा, दुखावलेला, म्हातारा माणूस वाटत असतो. इथे पहिल्यांदा त्याची भीती वाटते. पूर्ण पिक्चरमध्ये मला हा सीन सगळ्यात जास्त आवडतो, विमानाच्या पंख्याचा आवाज वाढत जातो आणि तो तसाच हळू बोलत राहतो.

तसाच एक अगदी छोटा, गाडीतला. तीन जण गाडीत, आत मधमाशी शिरते, बाकीचे दोघं हात झटकतायत, स्मायली थांबतो आणि ती जवळ आल्यावर काच खाली करतो, माशी निघून जाते. दहा सेकंद. त्या माणसाची काम करायची सगळी पद्धत त्यात आहे.

आता तक्रार. पाच संशयित म्हणायचं आणि रॉय ब्लँडला चार वाक्यं पण धड द्यायची नाहीत हे बरोबर नाही. किअरन हाइंड्ससारखा नट आणून त्याला भिंतीला टेकवून ठेवलाय. त्यामुळे खरा संशय दोघांवरच राहतो आणि चाणाक्ष माणूस तासाभरात ओळखतो. इरिना, ती रशियन बाई जिच्यामुळे सगळं सुरू होतं, तिलाही फार थोडी जागा आहे, तिच्यावर जे येतं ते बघवत नाही पण ती माणूस म्हणून आपल्याला कळायच्या आधीच ते येतं. कॉनी सॅक्स मात्र, कॅथी बर्क, संशोधन विभागातून काढून टाकलेली बाई, एकाच सीनमध्ये जीव लावून जाते. ज्यांना ब्लँड आणि बाकीच्यांचं नीट समजून घ्यायचंय त्यांनी ती ७ भागांची जुनी सिरीयल बघावी, त्यात ॲलेक गिनेस स्मायली आहे, आणि ती तर याहून निवांत आहे. पण आधी पिक्चर, मग सिरीयल, उलटं केलं तर सिरीयलच्या मानाने पिक्चर घाईत वाटतो.

दुसऱ्यांदा बघताना

महिनाभराने परत लावा, आता कोण ते माहीत असताना. यावेळी कागद नको, सबटायटल पण नको. यावेळी ख्रिसमसच्या पार्टीवर बसा. ही पार्टी पिक्चरमध्ये तुकड्या तुकड्यात तीन चार वेळा येते, कादंबरीत ती नाहीच, ब्रिजेट ओ'कॉनर आणि पीटर स्ट्रॉन या नवरा-बायकोने लिहिलेल्या पटकथेत ती पिक्चरसाठी घातली गेली, आणि ब्रिजेट तर पिक्चर यायच्या आधीच २०१० मध्ये गेल्या, पिक्चर त्यांनाच अर्पण केलाय. पार्टीत सगळी सर्कस एकत्र आहे, दारू चढलीय, कुणीतरी सांताच्या कपड्यात लेनिनचा मुखवटा लावून येतो आणि सगळे गंमत म्हणून रशियाचं राष्ट्रगीत म्हणायला उभे राहतात. त्या गर्दीत खुद्द ल कारे पण आहेत, उठून गाताना.

पहिल्यांदा बघताना आपण फक्त स्मायलीकडे बघतो, त्याला खिडकीतून बायको दुसऱ्याबरोबर दिसते तिकडे. दुसऱ्यांदा बाकीच्यांकडे बघा. जिम कुठे उभा आहे, हेडन आत येताना कुणाला शोधतोय, कोण कुणाकडे बघून हसलं आणि ते हसू परत आलं का. बाबांनी ती पार्टी तीनदा मागे घेऊन बघितली. तिसऱ्या वेळी त्यांनी रिमोट ठेवला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अगं, त्याला तर तेव्हाच कळलेलं होतं." मी विचारलं कुणाला. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. ते बोट स्मायलीवर नव्हतं.